पंधरा पौंड हवा

वाशीमजवळच्या मालेगावात फय्याजभाईंची ख्याती अशी, की सायकल दुकानाच्या पायरीला टेकायच्या आतच तिचा आजार त्यांना कळायचा. नुसत्या आवाजावरून. "मागचे छर्रे गेले," असं ते हातातल्या पान्यावरची नजर न काढता म्हणायचे आणि छर्रे गेलेलेच असायचे. पन्नासातून चाळीस वेळा तरी. उरलेल्या दहा वेळा, ज्याची सायकल त्यालाच ती चालवता येत नाही, असा निकाल लागायचा. तीस वर्षांत "मले नाई समजत" हे तीन शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते.

दुकान वाशीम रोडवर, अब्बांच्या वेळचं. तेव्हा तिथे तासावर सायकली मिळायच्या. आताची पोरं मोटारसायकलवरच जन्माला येतात, त्यामुळे दुकानात पंक्चर जास्त आणि सायकली कमी. पण अब्बांचा लोखंडी टप अजून कोपऱ्यात होता, काळपट पाण्यानं भरलेला. ट्यूब बुडवायची. बुडबुडा आला तर भोक आहे, नाही आला तर नाही. "हवा लपते, पानी सांगते," असं अब्बा म्हणायचे. एवढं तत्त्वज्ञान फय्याजभाईंना चौपन्नाव्या वर्षापर्यंत पुरलं होतं.

सोमवारी सकाळी धम्मदीपा आपली सायकल घेऊन आली. ही ग्यानबाची मुलगी, जऊळक्याला कृषी सहायक. पगारदार बाई असून सायकलवर फिरते म्हणून गावात तिच्याबद्दल थोडी काळजी व्यक्त व्हायची. ग्यानबा स्वतः याच दुकानातली भाड्याची सायकल पाडून पाडून शिकला होता, त्यामुळे दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता.

"चाचा, समोरून दगडावानी लागून राह्यली," ती म्हणाली. "खड्ड्यात गेली का सिद्दं खांद्याले कळते. अन् रविवारी कारंज्याकडं शर्यत आहे माह्यी. जंगलातून पन्नास किलोमीटर."

सायकल डोंगरात चालवायच्या जातीची होती, जाड चाकांची. महिन्याभरापूर्वीच तिनं ती वाशीमच्या ऑफिसातल्या विनोदकडून जुनी म्हणून घेतली होती. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला शॉकप होता आणि त्या शॉकपात स्प्रिंग नव्हती, नुसती हवा होती. डाव्या नळीच्या डोक्यावर मोटारसायकलच्या ट्यूबला असतो तसाच वॉल. सोबत काटा लावलेला एक हातभर पंपही तिनं आणला होता. असा शॉकप फय्याजभाईंनी मोबाइलमध्ये पाहिला होता. प्रत्यक्षात नाही.

"भाई, असं कधी खोललं का?" शेजारच्या पानठेल्यावरून हेमसिंगनं विचारलं.

"तुह्या जन्माच्या आंधीपासून खोलून राह्यलो."

हेमसिंग त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा होता.

नळीच्या मागच्या बाजूला एक बारीक तक्ता चिकटवलेला होता. चालवणाऱ्याचं वजन इतकं असेल तर हवा इतकी. फय्याजभाईंनी तो नीट वाचला आणि त्यांची पंचाईत झाली. समोर बाईमाणूस, त्यातून ग्यानबाची मुलगी, आणि शेजारी हेमसिंग चुना लावता लावता कान इकडे देऊन बसलेला. तिला वजन किती म्हणून विचारायचं? मालेगावात वजन विचारतात ते सोयाबीनचं. तेव्हा त्यांनी आपली नजर सभ्यपणे पायडलवर ठेवली, मनातल्या मनात अंदाज केला आणि ऐंशी हा आकडा ठरवला. हवेचा. पंप लावला तर काटा नव्वदवर होता. त्यांनी थोडी हवा सोडली, ऐंशीवर आणली आणि "उद्या पाहू, कशी ऱ्हाते ते" म्हणून सायकल ठेवून घेतली.

मंगळवारी सकाळी त्यांनी पंप लावला. काटा पासष्टवर.

"गेली," ते म्हणाले. रोग सापडल्यावर डॉक्टरला होतो तसा त्यांना आनंद झाला. "पंधरा पौंड रातच्या रात गेली."

पुन्हा ऐंशी भरली. मग रिवाजाप्रमाणे सायकल उलटी धरून शॉकपचं डोकं टपात बुडवलं. हेमसिंगही उठून आला. दोघं पाण्यावर वाकून पाच मिनिटं उभे राहिले. पाण्यात त्यांची तोंडं दिसली, वरचा पंखा दिसला. बुडबुडा काही दिसला नाही.

"पानी काय म्हणते, भाई?"

फय्याजभाईंनी टपाकडे पाहिलं, पंपाच्या पितळी काट्याकडे पाहिलं. काट्यावर इंग्रजी अक्षरं होती. टपाच्या कडेला पोपडे सुटले होते.

"पान्याले काय कळते यातलं!" ते म्हणाले.

या दुकानात असं वाक्य आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. हेमसिंग ठेल्यावर गेला.

संध्याकाळी धम्मदीपा ऑफिसातून आली तेव्हा निकाल तयार होता. दुकानासमोर दोन-तीन लोक होते, आणि लोक असले की फय्याजभाईंचा आवाज आपोआप मोठा व्हायचा.

"फसोलं तुले, बेटा. सील गेलेला माल बांधला गळ्यात. रोज हवा पिऊन राह्यला हा. विकनाऱ्याले मालूम नसन असं होतच नाई."

धम्मदीपाचा चेहरा उतरला. तिनं तिथेच उभं राहून फोन लावला. "विनोद, तुले माहीत होतं तं सांगाचं होतं ना," ती म्हणाली. "दोन पैसे जास्त घेतले असते तरी चाललं असतं. मी तुले भाऊ म्हणत होती." पलीकडचं काही न ऐकता तिनं फोन ठेवला. हेमसिंगनं पान बांधता बांधता मान हलवली. जमलेल्या लोकांनीही हलवली. एका भोळ्या मुलीला फसवणुकीतून वाचवल्याचं समाधान फय्याजभाई त्या दिवशी जेवणाबरोबर वाढून घेऊन जेवले.

बुधवारी सकाळी काटा पुन्हा पासष्टवर होता, आणि नागपूरहून बसनं हवा अडवणारे नवे रबरी सील आले. फय्याजभाईंनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस इंग्रजीत भराभर बोलत होता, म्हणून त्यांनी आवाज बंद करून नुसते हात पाहिले. मग चिमटा खोलला. खालच्या पायातून चमचाभर तेल निघालं. स्वच्छ, मधासारखं. आतलं तेल इतकं निर्मळ असेल तर आत सगळं ठीक चाललेलं असतं, हे त्यांना शेतातल्या मोटारीवरूनसुद्धा माहीत होतं. तरी त्यांनी बोटावर तेल घेतलं, अंगठ्यानं चोळलं आणि "खराब" असं जाहीर केलं.

आतली पातळ दांडी एका लोखंडी कडीनं अडकवलेली होती. ती कडी काढायला वेगळी टोकदार पक्कड लागते. व्हिडिओतल्या माणसाच्या हातात ती होती. फय्याजभाईंच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. कडी अर्धी निघाली, सटकली, आणि 'च्यक' असा बारीक आवाज झाला. चांदीसारख्या दांडीवर एक ओरखडा उठला. डोळ्याला दिसेल न दिसेल, पण नख फिरवलं की अडकत होतं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. हेमसिंगची पाठ होती. त्यांनी पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन ओरखडा घासला, तसा तो थोडा रुंद झाला. मग त्यांनी नवे सील बसवले आणि दांडी अशी फिरवून लावली, की ओरखडा मागच्या बाजूला जाईल. जणू हवेला पुढच्याच दारानं जायची सवय असते.

गुरुवारी दुपारी सगळं जोडून झालं. हवा ऐंशी. ते जेवायला बसले. दुकानाच्या मागेच घर, मध्ये एक पडदा. पडद्यापलीकडे अख्तरीबी, म्हणजे त्यांची बायको, शिलाई मशीनवर बसलेली असायची. जेवून, हात धुवून त्यांनी पंप लावला.

पासष्ट.

नवे सील, नवं तेल, आणि पासष्ट. ते मटकन स्टुलावर बसले.

"क्या हुआ जी?" पडद्याआडून अख्तरीबीनं विचारलं.

"फिर पंधरा गई."

"कल कित्ती गई थी?"

"पंधरा."

"परसों?"

"पंधराच."

मशीन थांबलं. दातानं दोरा तोडल्याचा आवाज आला. "रातभर में बी पंधरा, अन् तुमने दो रोटी खाई उत्ते में बी पंधराच? चोर बी रोज इत्ता नाप के नई ले जाता."

फय्याजभाईंनी काट्याकडे पुन्हा पाहिलं.

"वो पंप खाली रहता ना तुम्हारा?" अख्तरीबी पडदा सारून बाहेर आली. शॉकपकडे तिनं पाहिलंही नाही, पंपाच्या रबरी नळीकडे पाहिलं. "मैं घी कित्ता है देखने को रोज डब्बे में सूखी कडछी डालूंगी, तो कडछी को लग के थोडा आएगाच. फिर डब्बा फूटा बोल के चिल्लाऊंगी क्या?"

एवढं बोलून ती परत मशीनवर गेली. तिला एक ब्लाऊज संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं.

फय्याजभाईंनी पंप लावून हवा ऐंशी केली. पंप काढला. फुस् झालं. हे फुस् चार दिवस त्यांना शॉकपचं वाटत होतं. ते नळीतल्या हवेचं होतं. श्वास सोडायच्या आत त्यांनी पंप परत लावला. पासष्ट. पुन्हा काढला, फुस्, पुन्हा लावला. त्रेपन्न. घड्याळाचा काटासुद्धा हलला नव्हता. शॉकपातून हवा कुठेही जात नव्हती. मोजायला म्हणून लावलेला पंपच दर वेळी आपलं पोट भरून घेत होता, आणि त्या पंपाच्या साक्षीवरून फय्याजभाईंनी एका माणसाला चोर ठरवलं होतं.

पाणी खरं बोललं होतं. अब्बांचा टप कोपऱ्यात होता. फय्याजभाईंना त्याच्याकडे पाहवेना. ते उठून दुसऱ्या तोंडानं बसले.

थोड्या वेळानं मनात एक शहाणा विचार आला. शॉकप तर चांगलाच आहे ना? मग हवा भरायची, सायकल द्यायची आणि 'झालं दुरुस्त' म्हणायचं. नवे सील बसवलेले आहेतच. कोणाला काय कळतं? असे विचार शहाणे असतात खरे, पण ते नेहमी उशिरा येतात. त्यांनी हवा भरली, शॉकप चार-पाच वेळा दाबून पाहिला, सायकल भिंतीला टेकवली आणि एक पंक्चर काढायला घेतलं. पाच वाजता वर पाहिलं तर सायकलीनं पुढून मान टाकली होती. पंप लावला. काटा तीसवर.

या वेळी गेले होते पन्नास. पंपाचं पोट एवढं मोठं नव्हतं. दाबताना दांडीवरच्या ओरखड्यानं नवा सील कापला होता आणि तिथून हवा आतल्या आत खाली उतरत होती. चार दिवस नसलेली गळती शोधता शोधता फय्याजभाईंनी शेवटी खरी गळती तयार केली होती.

त्याच वेळी धम्मदीपा आली. तिच्याबरोबर एक धिप्पाड, घामेजलेला माणूस होता. त्याच्या हातात प्लास्टिकचं फोल्डर होतं.

"चाचा, हा विनोद," ती तुटकपणे म्हणाली. "वाशीमवरून आला. आयकतच नाई."

विनोदनं फोल्डर उघडलं. सायकलीची पुण्याची पावती, हमीचं कार्ड, सगळं क्रमानं लावलेलं. "चाचा, मले खरंच माहीत नव्हतं," तो म्हणाला. "पन चूक माह्यीच आहे. दोन वरसं मी त्याच्यात एकडाव बी हवा भरली नाई. पंप तं कव्हरातून काढलाच नाई मी. त्याच्यानंच सील वाळले असतीन. मी सायकल वापस घेतो." आणि त्यानं फय्याजभाईंसमोर हात जोडले.

दोन वर्षं एकदाही भरली नाही, आणि सोमवारी काटा नव्वद दाखवत होता. फय्याजभाईंना तो नव्वद आता कुठे दिसला.

"चाचानं सांगतलं नसतं तं मी शर्यतीत तोंडावर पडली असती," धम्मदीपा विनोदला म्हणाली. "पाय, कसा बसला समोरून!"

सगळं जुळून आलं होतं. शॉकप बसलेला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. गुन्हेगार स्वतःहून हजर, कबुलीजबाब कागदपत्रांसकट. उस्तादाचं म्हणणं खरं ठरलेलं. फय्याजभाईंना काही खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि तेवढं कोणालाही जमतं.

पडद्यामागे मशीन थांबलं.

फय्याजभाईंनी हात पुसले. आधीच पुसलेले होते, तरी पुसले.

"याची चूक नाई," ते म्हणाले. "माह्यी आहे."

"वा!" ठेल्यावरून हेमसिंग ओरडला. "याले म्हणते मन! लोकाची चूक अंगावर घेऊन राह्यला हा मानूस."

"अबे, घेऊन नाई राह्यलो. आहेच माह्यी."

"पाहा, पाहा कसा बोलते! असे लोक ऱ्हायले नाई आता."

विनोदचे डोळे भरून आले. "नाई चाचा, तुमी मले वाचवू नका," तो म्हणाला.

आयुष्यभर कमावलेली अब्रू माणसाला अशी वेळ आली की खरं बोलू देत नाही. फय्याजभाईंनी तिघांकडे पाहिलं. मग बोलणं सोडून ते सायकलीजवळ खाली बसले. "इकडं या सगळे. हेमसिंग, तू बी ये. पान राहू दे."

त्यांनी हवा ऐंशी भरली आणि काटा सगळ्यांना दाखवला. पंप काढला, लगेच लावला. "किती?"

"पासष्ट," धम्मदीपा म्हणाली.

पुन्हा काढला, पुन्हा लावला. "आता?"

"त्रेपन्न."

"कुठी गेली?"

त्यांनी रबरी नळी हातात धरून हलवली. "इथी. हा पंप पिते. मी रोज मोजत गेलो, रोज हा पेत गेला. शॉकप चांगला होता. याचे सील चांगले होते. तेल बी चांगलं होतं." मग त्यांनी खालचा पाय सोडवला, दांडी बाहेर काढली आणि ओरखड्यावर धम्मदीपाचं नख टेकवलं. "अन् हे मी केलं. बुधवारी. आता खरंच गळते."

हेमसिंगनं पहिल्यांदा फय्याजभाईंकडे पाहिलं, मग टपाकडे. "पानी तं सांगत होतं," तो हळूच म्हणाला आणि ठेल्यावर निघून गेला. त्यानं त्यानंतर बांधलेल्या पानात चुना जास्त झाला, असं गिऱ्हाईक म्हणालं.

धम्मदीपा ओरखड्यावरून नख फिरवत राहिली. "पान्यात काही दिसलं नव्हतं?"

"नाई."

"मंग काहून खोललं?"

याचं उत्तर तीन शब्दांचं होतं. ते म्हणायला तीस वर्षं उशीर झाला होता. "मले समजत नव्हतं," फय्याजभाई म्हणाले. "समजत नाई म्हनाची सवय नव्हती."

"अन् मंग दगडावानी काहून लागत होतं?"

फय्याजभाईंनी तक्त्याकडे पाहिलं. "बेटा... तुवं वजन किती?"

"बावन," धम्मदीपा म्हणाली, जशी तारीख सांगावी तशी.

तक्त्यात पंचावन्न किलोच्या आतल्या वजनाला साठ हवा लिहिली होती. आधीची नव्वद हवा विनोदच्या अंगाची होती. हाताच्या बोटानं वॉल दाबायचा आणि तीस सोडायची, एवढंच काम होतं. सोमवारी, चहा येईपर्यंत झालं असतं.

"तवा काहून नाई विचारलं?"

"बाईमानसाले कसं विचाराव..."

"ते विचाराले शरम वाटली," धम्मदीपा म्हणाली, "अन् याले चोर म्हनाले नाई वाटली?"

तिनं आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर फय्याजभाईंना काहीतरी बोलता आलं असतं. मग ती विनोदकडे वळली. चार लोकांसमोर फोनवर बोलली होती ती, आणि ते चार लोक आता कुठे गोळा करायचे? ती पावत्यांच्या फोल्डरकडे पाहत राहिली. तिला दिलेली ही लाजसुद्धा आपल्याच दुकानातली आहे, हे फय्याजभाईंना कळत होतं.

त्यांनी दांडी परत बसवली. हवा साठ भरली. "नवी दांडी मी मागोतो. रविवारपर्यंत नाई येनार," ते खालच्या मानेनं म्हणाले. "शर्यतीत पंप संग ठेव. दर घंट्याले थांबून लाव अन् साठ कर. भरली का काढ. परत लावून पाहू नोको."

"बरं," ती म्हणाली. दांडी मागवा असंही म्हणाली नाही, मागवू नका असंही नाही. सायकल घेऊन ती रस्त्यावर उतरली.

विनोद मागे राहिला. फोल्डरची चेन लावत तो पायरीपर्यंत गेला आणि परत वळला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका नव्हती, उलट काहीतरी हरवल्यासारखं होतं. दोन दिवस सांभाळलेली चूक अशी एकदम हातातून जाते तेव्हा माणूस गोंधळतो.

"तरी चाचा," तो म्हणाला, "दोन वरसं मी पाह्यलंच नाई ना त्याच्याकडं. थोडी तं माह्यी बी असनच."

"नाई बाबा."

"थोडी?"

हेमसिंगच्या ठेल्यावर तेच मंगळवारचे दोघं-तिघं उभे होते. फय्याजभाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांना ऐकू जाईल एवढा आवाज काढून ते म्हणाले, "थोडी बी नाई. सगळी माह्यी."

पडद्यामागे मशीन पुन्हा सुरू झालं.